भांडणात फ्रॉइड काढू नका

कुठल्याही पोस्टखालचं भांडण जरा तापलं की कोणीतरी मानसशास्त्र काढतंच. 'हे तुझं प्रोजेक्शन आहे', म्हणजे स्वतःच्या मनातलं समोरच्यावर थोपतोयस. 'तू डिनायलमध्ये आहेस', म्हणजे खरं आहे ते मान्यच करत नाहीयेस. समोरचा नाही म्हणाला की 'बघ, हेच ते डिनायल!' म्हणजे छापा पडला तरी मी जिंकलो, काटा पडला तरी मीच.

ही खोड मनोविश्लेषणाचा जनक असलेल्या खुद्द फ्रॉइडलाही होती. डोरा या नावाने त्याने जिची केस लिहिली, ती अठरा वर्षांची मुलगी. तिच्या 'नाही'मागे तो दडपलेला 'हो' शोधत राहिला. ३१ डिसेंबर १९०० ला ती उपचार अर्धवट सोडून निघून गेली. ट्रान्सफरन्स, म्हणजे इतर कोणाबद्दलच्या जुन्या भावना ती आपल्यावर काढतेय, हे वेळेत हेरता आलं नाही, असं त्यानेच १९०५ मध्ये छापून कबूल केलं. एवढा प्रामाणिकपणा आजच्या कॉमेंटबहाद्दरांत असता तर!

फ्रॉइडचं बरंचसं मला पटत नाही. ईडिपस, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर असतो, हे तर नाहीच. पण संरक्षण यंत्रणा, म्हणजे नकोशा भावनांपासून वाचायला मन नकळत लढवतं त्या युक्त्या, पटतात. त्यांची नीट मांडणी केली त्याच्या मुलीने, ॲना फ्रॉइडने, १९३६ मध्ये. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो ना आपण, तसंच. ऑफिसात साहेबांनी झापलं, तिथे 'हो सर, हो सर'. घरी आल्यावर पोराच्या अक्षरावरून आकांडतांडव. मेख अशी, की त्या बापाला त्या क्षणी खरोखरच वाटत असतं की अक्षर भयंकर आहे. हे अबोध पातळीवर चालतं. त्याला 'डिस्प्लेसमेंट करतोयस' सांगून काय उपयोग? तो आणखी एक वही उघडेल.

मग उपयोग कशाचा? फ्रॉइडचा ज्येष्ठ सहकारी डॉक्टर ब्रॉयर, त्याची पेशंट बर्था पापेनहाइम पाहा. ऐन उन्हाळ्यात घोटभर पाणी घशाखाली उतरेना, सहा आठवडे फळांवर काढले. एकदा संमोहनात ती कुरकुरत बोलायला लागली: न आवडणाऱ्या सोबतिणीचं कुत्रं पेल्यातून पाणी प्यायलं होतं आणि सभ्यपणापायी ही गप्प बसली होती. साठलेला राग ओकला, पाणी मागितलं, जागी झाली तेव्हा पेला ओठांना लागलेला. कुत्र्याचा शोध ब्रॉयरने लावला नव्हता, तिचं तीच बोलली.

अर्थात, तेवढ्याने आजार गेला असं समजू नका. १८८२ मध्ये तिला सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं, सावरायला पुढे कित्येक वर्षं गेली. १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली ती याच बर्थाने.