सहा कळ्यांची मेमसाहेब

डिसेंबरात एडिंबरामध्ये दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. एवढी लांबलचक संध्याकाळ रेटायला इथली माणसं पबमध्ये जातात, जिमला जातात, मोजे विणतात. मला १९४० च्या दशकातल्या बायका घालायच्या तसला लोकरी स्कर्ट शिवायची हुक्की आली.

थंडीत आणि स्कर्ट? हा प्रश्न नवऱ्याने विचारला, आईने विचारला, शेजारच्या आजींनीही विचारला. मी सगळ्यांना सांगितलं की ट्वीडचं जाड लोकरी कापड, त्याला अस्तर, आत लोकरीचे लांब मोजे आणि मधे अडकलेली हवा, ही व्यवस्था जीन्सपेक्षा जास्त ऊबदार असते. भिजलेली जीन्स इथे दिवसभर वाळत नाही, हेही सांगितलं. पटलं कोणालाच नाही, पण अडवलंही कोणी नाही. आमच्या घरी याला संमती म्हणतात.

मग अभ्यास सुरू झाला. आमच्या पिढीला कापडाला कात्री लावण्याआधी त्याचा इतिहास वाचावा लागतो. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं. सुरुवातीला वर्षाला माणशी ६६ कूपनं, त्यातली ११ एका लोकरी ड्रेसमध्येच संपायची. कापड वाचावं म्हणून स्कर्टच्या चुण्या किती आणि बटणं किती, तेही सरकार ठरवायचं. १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' नावाची सरकारी पुस्तिका निघाली, तीत जुन्यातून नवं काढायचे धडे होते. पुरुषांच्या जुन्या कपड्यांतून बायकामुलांचे कपडे निघायचे, तो भाग मी मोठ्याने वाचून दाखवला. नवरा काही बोलला नाही. उठला आणि लग्नातला सूट दुसऱ्या कपाटात ठेवून आला.

पुढे फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला क्रिस्तियाँ दिओर या फॅशन डिझायनरने मीटरच्या मीटर कापड ओतून घेरदार स्कर्ट आणले. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशन चालूच होतं आणि व्यापारखातं होतं सर स्टॅफर्ड क्रिप्स यांच्याकडे. हो, तेच. दहावीच्या इतिहासातले, टीपा लिहा मधले क्रिप्स. १९४२ मध्ये दिल्लीहून हात हलवत परतलेल्या या गृहस्थांनी आता लंडनच्या फॅशनवाल्यांना गळ घातली की स्कर्ट आखूडच ठेवा. इथेही त्यांचं कोणी ऐकलं नाही. शाळेत ज्यांचा राग यायचा त्या माणसाची मला पहिल्यांदाच दया आली.

दिओरछाप पूर्ण गोल स्कर्ट मी कागदावर मांडून पाहिला. कंबर ३० इंच आणि लांबी २७ धरली, तर खालचा घेर निघतो २०० इंच. पाच मीटर हातशिलाईची तुरप! शिवाय तिरपं कापड लोंबतं, म्हणून तुरपण्याआधी स्कर्ट चांगला दिवसभर टांगून ठेवायचा. आणि एवढं करून तो इथल्या प्रिन्सेस स्ट्रीट या हमरस्त्यावरच्या वाऱ्यात घालून जायचं. क्रिप्ससाहेबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

तेव्हा सहा तुकड्यांचा, बेताच्या घेराचा, युद्धकाळातला स्कर्ट ठरला. जुना पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, मागवला. पाकिटातून निघाले पिवळे पडलेले पातळ कागद. त्यांवर रेघ नाही, अक्षर नाही, नुसती भोकं. कुठलं भोक उभ्या धाग्याचं आणि कुठलं शिलाईचं, हे जन्मपत्रिका वाचावी तसं सोबतच्या कागदावरून लावत बसायचं. माप होतं १४ नंबर. तेव्हाच्या १४ नंबरात कंबर असायची २६ इंचांच्या आसपास. हल्लीची दुकानं आकडे सैल ठेवून गिऱ्हाइकाचं मन राखतात. त्या कागदाला माझ्या मनाशी काही कर्तव्य नव्हतं.

कापड बेतण्याआधी आटवून घ्यावं लागतं. ट्वीडवर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली की फस्स करून वाफ येते आणि तिच्यासोबत ओल्या मेंढीचा वास. तीन मीटर कापड होईस्तोवर आमच्या हॉलमध्ये मेंढवाडा बसला. नवऱ्याने खिडकी उघडली. बाहेर तीन अंश. ज्या थंडीसाठी हा खटाटोप चालला होता ती घरात येऊन सोफ्यावर बसली.

एवढ्यात सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. मी फोन जमिनीवर मांडलेल्या तुकड्यांवरून फिरवला.

"अगं, हा तर सहा कळ्यांचा परकर!"

मी तिला लंडन, युद्ध, कूपनं, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. माया किती सोडलीस?"

"दीड सेंटिमीटर."

"एवढीशी? पुढे अंग सुटेल तेव्हा काय उसवशील? इंचभर तरी सोड. आणि कळीची तिरकी बाजू सरळ बाजूला जोड, म्हणजे लोंबत नाही."

सल्ला पिढीजात आणि सोळा आणे खरा. पण माझ्या ट्वीडवर हेरिंगबोनची, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेघांची नक्षी. दोन्ही बाजू सारख्या तिरक्या असतील तरच शिलाईवर नक्षीची टोकं एकमेकांना भेटतात. आईच्या पद्धतीने एक रेघ पूर्वेला, दुसरी पश्चिमेला गेली असती. तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "परकराची नक्षी बघतंय कोण?" मग बराच वेळ हा परकर नाही हे मी समजावत राहिले आणि "चेन कशाला, नेफा कर, नाडी ओव," हे ती समजावत राहिली. शेवटी इंचभर मायेवर तह झाला. चेनबद्दल ती म्हणाली, "तुटली की फोन कर."

स्कर्ट झाला. अस्तर घातल्यामुळे मोज्यांवर चढून बसत नाही, खिसे इतके खोल की फोन, किल्ल्या, शिवाय संत्रं मावतं. ऑफिसातल्या एका बाईंनी हात लावून विचारलं, "खरा विंटेज का?" मी मान डोलावली. सहा कळ्यांचा परकर सांगलीत त्याच्याही आधीपासून चालत आला असणार.

फोटो पाहून आई खूश झाली. रंग, पडणं, शिलाई, सगळं वाखाणलं. मग म्हणाली, "कापड उरलं असेल ना थोडं? तुझ्या मिक्सरला कव्हर नाही."

मी मीटरचा भाव सांगितला.

"मग टिकेल तरी," आई म्हणाली. "माप घेऊन ठेव. भांड्यासकट घे."