अहमदाबादच्या पोळांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

अहमदाबादचे तटबंदीतले जुने शहर आणि त्यातले पोळ (एका दरवाज्याआड वसलेले अरुंद गल्ल्यांचे मोहल्ले) पायी कसे पाहावे, या माझ्या लेखावर आपण लिहिता : "दोन तास गल्ल्यांत भटकून फोटो काढणाऱ्या पाहुण्याने पोळांचे गोडवे गाऊ नयेत." मतभेदाला माझी हरकत नाही, परंतु हे वाक्य मतभेदाचे नसून हेटाळणीचे आहे, आणि ज्याची आपल्याला काडीचीही माहिती नाही त्याला परस्पर पाहुणा ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला समजलेले नाही.

माझी आत्या याच जुन्या शहरातल्या खाडिया भागात नांदली आणि माझ्या बालपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिच्याच घरी गेल्या. त्या घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टांके होते. पहिल्या सरींचे पाणी गच्ची धुऊन निघावी म्हणून बाहेर वाहू देत आणि नंतरचेच पन्हळीतून आत सोडत. आत्या पितळी झाकण सरकवून दोरीने कळशी खाली सोडी, आणि ऐन मे महिन्यात वर येणारे पाणी गार असे. भटकून फोटो काढणाऱ्याला हे ठाऊक असते काय?

आणि चालण्यालाच आपण 'भटकणे' म्हणत असाल, तर हे शहर दुसऱ्या कोणत्या रीतीने पाहायचे तेही सांगावे. पोळाच्या दरवाज्यातून आत शिरल्यावर खडकी (पोळातला घरांचा लहान समूह), पक्ष्यांना दाणे घालण्याचा चबुतरा, कोरीव लाकडी खांब हे सारे पावलांच्या गतीनेच दिसते; रिक्षा तिथवर पोहोचतच नाही. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा-पदयात्रा १९९७ पासून चालू आहे, ती उगाच नव्हे. 'मराठी वाचकाला त्याचे काय' हा आपला प्रश्न तर मला विशेष लागला. 'तीन दरवाजा' या तिथल्या जुन्या कमानी वेशीवर १८१२ चा देवनागरी शिलालेख आहे. मुलीला वडिलांच्या मिळकतीतला वाटा विनाअडथळा मिळावा, असे मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी त्यात फर्मावले आहे. तो वाचायला पायउतार व्हावे लागते.

जामा मशिदीत नमाजाची वेळ टाळून जावे ही सूचना लेखात हवी होती, हे आपले म्हणणे रास्त आहे. ती आज जोडली आहे.

राहिली वाड्यांची पडझड, नदीपलीकडे निघून गेलेली कुटुंबे आणि घरांची झालेली गोदामे. तो त्या लेखाचा विषयच नव्हता. आत्याचे घरही विकले गेले आहे, तेव्हा त्याविषयी मला आपल्याकडून शिकवणी घेण्याची गरज नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा लेख पूर्ण वाचून आणि स्वतःच्या नावाने लिहावे.