आधी आपण शोधावे, मग यादी पाहावी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीबरोबर स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांचे ठोकळे पटावर जोडून इंग्रजी शब्द लावण्याचा खेळ, खेळत होतो. तिच्या रॅकवर, म्हणजे ठोकळे ठेवायच्या पट्टीवर, ए, ई, आय, एन, आर, एस आणि टी अशी सात अक्षरे होती. अशी अक्षरे हाती येणे म्हणजे भाग्यच, कारण सातही अक्षरे एकाच चालीत लावली तर 50 गुण वरचे मिळतात आणि या सातांतून तसे शब्द बरेच होतात. तिला 'ट्रेन' लगेच दिसला, एस जोडून 'ट्रेन्स' झाला, पण ई एकटाच उरला. दोन मिनिटांत तिने फोन उचलला, अक्षरे टाकली की त्यांपासून होणाऱ्या शब्दांची यादी देणारे एक संकेतस्थळ उघडले आणि पटावर 'रेट्सिना' मांडला. ही राळेचा स्वाद असलेली ग्रीक वाइन आहे, हे तिला ठाऊक नव्हते. मी हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली, "मामा, तू दोन अक्षरी शब्दांची यादी पाठ केली आहेस ना? मग मी यादी फोनवर पाहिली तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

मराठीत वाढलेली आपण माणसे शब्द कानाने ओळखतो. मराठी शब्दकोड्यात 'महाराष्ट्र' लिहायला चार चौकोन पुरतात, कारण काना-मात्रेसह, जोडाक्षरासह अख्खा उच्चार एका चौकोनात बसतो. तोच शब्द रोमन लिपीत अकरा चौकोन घेतो आणि त्यांतील चार ए पैकी दोन 'अ'चे काम करतात, तर दोन 'आ'चे. म्हणून इंग्रजी शब्दखेळात कानावर विसंबून भागत नाही. कोणते अक्षर कोणाच्या शेजारी उभे राहते, हे डोळ्यांना कळावे लागते. एच हा सी, एस, टी, पी, जी यांच्या मागे येऊन बसतो. इंग्रजी शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपत नाही, म्हणून 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' या शब्दांच्या शेवटी उच्चारात नसलेला ई लावावा लागतो. माझ्या शाळेत हे कोणी सांगितले नाही. आम्ही स्पेलिंगे घोकली, एवढेच. मला हे कळले ते रॅकवरचे ठोकळे मागेपुढे करताना.

भाचीच्याच अक्षरांकडे परत येतो. अनुभवी खेळाडू अशा वेळी शब्दाच्या शेवटी वारंवार येणारी अक्षरे वेगळी काढतो. ई आणि आर उचलून उजव्या टोकाला ठेवा. उरतात ए, आय, एन, एस, टी. त्यांतून 'स्टेन' म्हणजे डाग हा शब्द होतो आणि टोकाची जोडी लावली की 'स्टेनर' तयार. तीच पाच अक्षरे हलवली की 'नॅस्टी' डोकावतो; त्याच्या शेवटी वाय असतो, पण ई-आर जोडताना वायचा आय होतो, म्हणून 'नॅस्टियर' बरोबर जमतो. आता आर आणि ई सुरुवातीला आणा, की 'रिटेन्स' दिसतो. ज्या मुलीने हे स्वतःच्या बोटांनी एकदा केले, तिला वायचा आय का होतो हे पुन्हा शिकवावे लागत नाही. संकेतस्थळाने दिलेल्या यादीत हे तिन्ही शब्द असतात, पण ती हालचाल नसते, आणि शिकणे त्या हालचालीतच आहे.

हा खेळ रचणारे अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा ठेवायचे ते ठरवले. 100 ठोकळ्यांत ई 12 आहेत आणि एस केवळ 4, कारण अनेकवचने करून सहज गुण मिळू नयेत. म्हणजे शोधण्याचे कष्ट खेळाच्या रचनेतच मुद्दाम घातलेले आहेत.

क्यू हे 10 गुणांचे अक्षर हाती आले आणि यू नसला, तर पुष्कळ लोक हताश होतात. मराठी माणसाने होऊ नये. कॉलिन्स या शब्दकोशाच्या, स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या यादीत 'फकीर', 'तलाक', 'कव्वाली' हे तिन्ही शब्द क्यू घालून आणि यूशिवाय मान्य आहेत. इंग्रजीतला 'मंगूस' तर आपल्या मुंगसावरूनच गेलेला. इंग्रजी कानाला त्यात 'गूस' म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी ऐकू आला आणि स्पेलिंगही तसे झाले. आठ अक्षरांचा असल्यामुळे त्यातले एखादे अक्षर पटावर आधीच असावे लागते, पण तो लावताना मला दरवेळी घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

आता भाचीच्या प्रश्नाचे उत्तर. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवड्यांत त्यांनी शब्द स्मरणात साठवले होते. मला यात गैर काहीच दिसत नाही, उलट आदर वाटतो. यादी पाठ असली तरी रॅकवरची अक्षरे विस्कटलेलीच येतात, आणि त्यांतून तो शब्द ओळखायचे काम खेळाडूलाच करावे लागते. अर्थ न कळता शब्द लावण्याला माझी हरकत नाही. न शोधता लावण्याला आहे.

वर्डलमध्येही, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायच्या ऑनलाइन खेळातही, हेच अनुभवाला येते. शेवटची चार अक्षरे आय, जी, एच, टी अशी हिरवी झाली, म्हणजे योग्य जागी ठरली, की 'लाइट', 'माइट', 'नाइट', 'फाइट', 'राइट', 'साइट', 'टाइट', 'एट' असे आठ शब्द समोर उभे राहतात आणि एकेक करून पाहिले तर सहा प्रयत्न संपून जातात. अशा वेळी 'फिल्म्स' टाकावा: एफ, एल, एम, एस चारही एकदम तपासले जातात. त्यांत काही निघाले नाही तर 'रेंट्स' टाकला की आर, ई, एन यांचा निकाल लागतो आणि तिघेही नसले तर 'टाइट' उरतो. ही युक्ती यादी पाहून सुचत नाही.

शब्द शोधून देणारी संकेतस्थळे बंद व्हावीत असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः ती रोज वापरतो, पण डाव संपल्यावर. आमच्याकडे आता एक वही आहे. अडलेल्या चालीची अक्षरे त्यात लिहायची, आपल्याला सापडलेले शब्द निळ्या शाईने उतरवायचे आणि डाव आवरल्यावर यादीतून मिळालेले लाल शाईने. पहिल्या पानावर भाचीची तीच सात अक्षरे आहेत. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री तिने त्यांखाली निळ्या शाईने 'रेटिनाज' लिहिला. विज्ञानाच्या पुस्तकातल्या डोळ्याच्या आकृतीत 'रेटिना' पाहिल्याचे तिला आठवले होते.