कर्मचारी सुदृढ कसे करावेत: साहेबांसाठी काही सूचना

साहेब, वरून आदेश आलाय की यंदा 'एम्प्लॉयी वेलनेस'मध्ये काहीतरी करून दाखवा, आणि तुम्ही गोंधळून गेला आहात. गोंधळू नका, मी मदत करते. मला या विषयातली तज्ज्ञच समजा. परवाच मला ऑफिसातून मेल आली की माझा 'वेलनेस स्कोअर' आमच्या टीममध्ये सर्वांत कमी आहे. सीसीत मॅनेजर, मॅनेजरचे मॅनेजर आणि एचआरमधल्या एक बाई, ज्यांचा आणि माझा आजवरचा संबंध फक्त हजेरीच्या पंचपुरता. मेलच्या शेवटी पिवळा हसरा चेहरा.

तर आधी एक ॲप विकत घ्या. कुठलंही चालेल. त्यावर हिरवं पान हवं, आणि पासवर्ड अधूनमधून आपोआप बाद व्हायला हवा.

मग सगळ्यांच्या मनगटाला पट्टे बांधा आणि दिवसाला दहा हजार पावलांचं टार्गेट द्या. दहा हजारच का, असं कुणी विचारत नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हा त्याच्या नावातच हा गोल आकडा घातला होता. तो तिथून जो सुटला, तो तुमच्या एक्सेल शीटपर्यंत येऊन पोचला. आधी आकडा, मग कारण. ही पद्धत तुम्हाला परकी वाटायची नाही. आमच्याकडे या स्पर्धेत कायम पहिला येणारा सहकारी जागचा हलत नाही. रिव्ह्यू मीटिंगमध्ये त्याला प्रश्न विचारायला सुरुवात झाली की त्याचा उजवा पाय टेबलाखाली शिलाई मशिनसारखा चालू होतो. हे लक्षात आल्यापासून तो पट्टा घोट्याला बांधतो. क्वार्टर संपत आला की त्याची पावलं दुप्पट होतात. त्याला 'फिटनेस चॅम्पियन'चं प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच सुमारास रक्तदाबाची गोळीही सुरू झाली. दोन्हीचं कारण एकच, पण प्रमाणपत्रावर ते लिहायला जागा नव्हती.

दर तासाला 'पाणी प्या' असं नोटिफिकेशन पाठवा. पाणी प्यायल्यावर जिथे जावं लागतं तिथे जाण्यापुरती फट मात्र दोन मीटिंगांमध्ये ठेवू नका.

खुर्च्या त्याच राहू द्या.

प्रश्नावली भरून घ्या. किती झोपता, किती पिता, घरी भांडणं होतात का, मूल होऊ देण्याचा विचार आहे का. उत्तरं गोपनीय राहतील असं ठळक अक्षरांत लिहा आणि त्याच्याच वर एम्प्लॉयी कोडची चौकट ठेवा. कामाचा ताण जाणवतो का, हेही विचारा, पण कशामुळे जाणवतो ते लिहायला ओळ सोडू नका. लोक लिहितात.

तणावमुक्तीचं सत्र जेवणाच्या सुट्टीत ठेवा. कामाच्या वेळेत ठेवलं तर कामाचा खोळंबा होतो, आणि तणाव काय, उद्याही असणारच आहे. कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं करा, म्हणजे डोळे मिटा म्हटल्यावर कोण मिटत नाही ते कळतं. आमच्या सत्रात बाई अगदी हळू आवाजात सांगत होत्या, विचार येतील, त्यांना येऊ द्या, जाऊ द्या. तेवढ्यात माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मेसेज आला: 'ती फाइल अजून आली नाही.' पाठवणारे साहेब त्याच सत्रात होते. पुढच्याच क्षणी पुन्हा डोळे मिटून बसले, चेहऱ्यावर अपार शांती. असणारच. फाइल माझ्याकडे होती.

या सत्रांचा उपयोग किती, हे कुणी तपासलंय का, असं एखादा आगाऊ विचारेल. तपासलंय. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती चाळून २०२४ मध्ये निष्कर्ष छापला. ताण सोसायचं प्रशिक्षण, ध्यान, झोपेची ॲप्स असल्या उपायांत भाग घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा काही बऱ्या अवस्थेत नव्हते. थोडाफार अपवाद स्वयंसेवी कामाचा. हे ट्रेनर बाईंना सांगू नका, त्यांचं पोट आहे त्यावर.

पैशांचं विचारतील ते फायनान्सवाले. त्यांच्यासाठी २०१० सालचा एक पेपर आहे. कॅथरीन बायकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता: वेलनेसवर एक डॉलर घातला की वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर वाचतात, गैरहजेरीच्या खर्चात आणखी २.७३. असा परतावा मिळत असेल तर लोकांनी धंदा बंद करून नुसता वेलनेसच काढावा! ही स्लाइड मोठ्या अक्षरांत लावा आणि तिथेच थांबा. पुढची लावायची नाही. कारण पुढे याच साँग आणि बायकर यांनी बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी कंपनीत प्रत्यक्ष प्रयोग केला. १६० ठिकाणचे मिळून जवळजवळ ३३ हजार कर्मचारी. त्यातली २० ठिकाणं सोडतीने निवडली आणि तिथे कार्यक्रम राबवला. दीड वर्षानंतरचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. कार्यक्रम झालेल्या ठिकाणचे लोक 'आम्ही नियमित व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो' असं जास्त प्रमाणात सांगत होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, दवाखान्याचा खर्च, गैरहजेरी, कामगिरी यांत मात्र दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. थोडक्यात, प्रश्नावलीची तब्येत सुधारली.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भाग न घेणाऱ्यांचं काय करायचं? त्यांना शोधा, यादी करा, यादी फिरवा. भाग घेणाऱ्यांचे फोटो लिफ्टशेजारी लावा. ते तुमच्या ॲपच्या आधीपासून पहाटे धावत होते, पण आम्हीच त्यांना घडवलं म्हणायला तुम्हाला कोण अडवतंय? इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये नेमकं हेच आपल्या कर्मचाऱ्यांवर तपासलं. तयार झालेल्या सुमारे ४,८०० जणांपैकी ३,३०० जणांना सोडतीने कार्यक्रमात घेतलं, बाकीच्यांना नाही. नुसते भाग घेणारे आणि न घेणारे शेजारी ठेवून पाहिले की भाग घेणारे ठणठणीत दिसतात, दवाखान्याचा खर्चही कमी. वाटतं, वा, काय कार्यक्रम आहे! सोडतीत निवडलेले आणि न निवडलेले यांची तुलना केली की खर्चातला फरक गायब. कारण पुढे येणाऱ्यांचा खर्च कार्यक्रमाच्या आधीही कमीच होता. कार्यक्रमाने कुणाला धडधाकट केलं नाही, धडधाकट तेवढे गोळा केले. बक्षिसंही मग त्यांनाच. अमेरिकेत तर कायद्यानेच मुभा आहे, ठरवलेली आरोग्याची पातळी गाठणारा आणि न गाठणारा यांच्यात विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत फरक करायची, तंबाखूसाठी ५० टक्क्यांपर्यंत. आजारी माणसाच्या खिशातून निरोग्याला शाबासकी.

आणि उरलेले कोण असतात हे कधी बघितलंत? यादी हातात आहे ना, वाचा की. जिची आई आजारी आहे ती. ज्याला घरी पोचायलाच रात्र होते तो. जो मधुमेहाचं इंजेक्शन जिन्यात उभं राहून घेतो, कारण कुणाला कळलं तर प्रमोशनला अडेल अशी त्याला भीती आहे. त्याने तुमच्या ॲपवर साखर नोंदवायची?

माझं सांगते. सकाळी सातच्या ध्यानाला मी नव्हते, खरं आहे. आदल्या रात्री रिलीजचा कॉल मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला होता. कॉल कुणी लावला? मॅनेजरनी. ध्यानाचं आमंत्रण कुणी फॉरवर्ड केलं? त्यांनीच, कॉल चालू असताना. 'झोपेचं महत्त्व' या व्याख्यानालाही मी नव्हते. त्या वेळी मी क्लायंटला समजावत होते की दोघांचं काम एक जण करत असला की उशीर होतो. दुसरा माणूस सोडून गेला, त्याच्या जागेवर माणूस घ्यायला बजेट नाही म्हणे. ॲपला बजेट होतं. पट्ट्यांना होतं. 'मी माझी काळजी घेते' असं छापलेल्या त्या बाटल्यांना होतं, ज्यांचं झाकण लागत नाही! आणि माझी तब्येत, ती कशीही असो, सीसीत टाकून फिरवायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? डॉक्टरसुद्धा दार लावून घेतात.

लाज वाटली पाहिजे, खरंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये अंदाज मांडला की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने ७ लाख ४५ हजार माणसं गेली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. तास, साहेब. पावलं नाहीत, पाणी नाही, सकारात्मक विचार नाहीत. तास ठरवता तुम्ही, आणि श्वास मोजायचे आम्ही?

पैसाच वाचवायचा असेल तर तोही मार्ग माहीत आहे. पेप्सिको कंपनीच्या वेलनेस कार्यक्रमाचा अभ्यास रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये छापला. सवयी सुधारण्याच्या भागातून एका डॉलरमागे अर्धा डॉलर परत आला. ज्यांना आधीच जुनाट आजार आहेत त्यांना नीट मदत करण्याच्या भागातून ३.८० डॉलर. आजारी माणसाच्या मागे उभे राहा, एवढंच ते सांगतायत. तुम्ही त्याच्या मागे लागता. मागच्या महिन्यात माझी मान इतकी अवघडली की उजवीकडे वळेना. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, मी एका दिवसाची रजा टाकली. उत्तर आलं, 'पडून लॅपटॉप वापरता येईल का?' असं विचारणाऱ्या माणसाने माझ्या प्रकृतीविषयी पुन्हा एक अक्षर लिहू नये. हसरा चेहरा तर मुळीच पाठवू नये.