क्लासचं बारसं करण्याची खानदानी पद्धत

समजा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बसून तुम्ही लासलगावच्या कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर लिहिताय. प्रोजेक्ट जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला. त्यात ‘लॉट’ नावाचा एक क्लास (कोडचा नाव दिलेला कप्पा) आहे आणि साहेबांना अचानक वाटलं की त्याचं नाव ‘वक्कल’ (लॉटलाच बाजारातला शब्द) हवं. कोड लिहायच्या एडिटरांत हे एका बटणाचं काम: व्हीएस कोडमध्ये नावावर कर्सर ठेवून एफ२, इंटेलिजेमध्ये शिफ्ट-एफ६, एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-आर. नवीन नाव टाइप करा, एंटर मारा, काम संपलं. पण दहा सेकंदांच्या कामाचं टाइमशीटमध्ये काय लिहाल? तेव्हा ही बटणं विसरा आणि ‘फाइंड अँड रिप्लेस’ला शरण जा.

अख्ख्या प्रोजेक्टवर चालवा. ‘मॅच केस’ आणि ‘होल वर्ड’ ही दोन बटणं बंदच ठेवा. प्रिव्ह्यू बघणं कमीपणाचं. एका क्लिकमध्ये लॉटचा वक्कल होईल, शिवाय स्लॉटचा स्वक्कल, प्लॉटचा प्वक्कल आणि अलॉटमेंटची अवक्कलमेंट. गंमत म्हणजे यातलं बरंचसं कंपाइलही होतं (मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलतं), कारण चूक सगळीकडे सारखीच झालेली असते. फक्त एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या क्वेरीच्या, स्ट्रिंगमध्ये (अवतरणांतल्या मजकुरात) ‘प्वक्कल क्रमांक’ गेला आणि डेटाबेसमधला कॉलम मात्र प्लॉटचाच राहिला. कंपाइलर स्ट्रिंगच्या आत डोकावत नाही. त्यामुळे ही भानगड क्वेरी चालेल तेव्हाच उघडी पडेल, म्हणजे बहुधा ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना.

फाइलचं नाव मात्र जुनंच ठेवा. जावात पब्लिक क्लास आणि त्याची फाइल यांचं नाव एकच लागतं, आणि नसलं तर कंपाइलर कोणत्या नावाची फाइल हवी तेही स्पष्ट सांगतो. इतकं स्पष्ट सांगणाऱ्याचं ऐकायचं नसतं. ‘पब्लिक’ हा शब्दच खोडा. तो एरर लगेच जातो. मग दुसऱ्या पॅकेजमधल्या (क्लासांच्या दुसऱ्या गटातल्या) फाइलींना हा क्लास दिसेनासा होतो आणि एकाच्या जागी चाळीस एरर येतात. पण तेवढ्यात मिसळ खाऊन येता येतं.

नावात फक्त पहिलं अक्षर स्मॉलचं कॅपिटल करायचं असेल तर सोनं. ते विंडोज एक्सप्लोररमधूनच करा. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत चालेल. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल; त्याची इग्नोर-केस (स्मॉल-कॅपिटलचा फरक न मानणारी) सेटिंग विंडोजवर सहसा चालूच असते, त्यामुळे त्याला हा बदल कळतच नाही. लिनक्सच्या सर्व्हरवर फाइल जुन्याच नावाने उतरते आणि बिल्ड (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणं) तिथे कोसळते. ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य तोवर पाठ करून ठेवा. ‘गिट एमव्ही’ कमांडने नाव बदलणाऱ्यांना हा आनंद कधीच मिळत नाही.

आता सॉफ्टवेअरमध्ये द्राक्षं आली. कांद्याचं चालतंय ना, मग तीच फाइल कॉपी करा. इंटेलिजेमध्ये एफ५ दाबलं तर तो नवं नाव विचारतो, क्लासचं नाव आणि पॅकेजची ओळ स्वतः बदलतो. म्हणजे पुन्हा तुमच्या वाट्याला काही उरत नाही. त्यापेक्षा फोल्डरमध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. शेपटीला ‘कॉपी’ लागलेली फाइल तयार होईल आणि ‘डुप्लिकेट क्लास’ म्हणून कंपाइलर ओरडेल. (डॉटनेटच्या नव्या प्रोजेक्टमध्येही फोल्डरमधली प्रत्येक सी शार्प फाइल आपोआप बिल्डमध्ये जाते, त्यामुळे त्यांनाही हा प्रसाद मिळतो. पायथनमध्ये एकाच फाइलीत एका नावाचे दोन क्लास लिहिले तर नंतरचा गुपचूप जिंकतो, हे त्याहून सरस.)

ओरडा थांबवायला कॉपी दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवा, पॅकेजची ओळ बदला, क्लासचं नाव तेच राहू द्या. कंपाइल होईल. स्प्रिंग (जावाचं तयार फ्रेमवर्क) असेल आणि दोन्हींवर ‘सर्व्हिस’ अ‍ॅनोटेशन (क्लासवरची खूण) असेल, तर एकाच नावाचे दोन बीन (स्प्रिंगने सांभाळायचे ऑब्जेक्ट) सापडून अ‍ॅप्लिकेशन सुरूच होणार नाही. तेव्हा कंटाळून क्लासचं नाव हाताने बदलाल, हरकत नाही. पण आतलं काही बघू नका. लॉगरच्या (घडामोडींची नोंद छापणाऱ्याच्या) ओळीत कांद्याचाच क्लास राहू द्या, म्हणजे द्राक्षांच्या बिलातला एरर कांद्याच्या नावावर छापला जाईल आणि दोन माणसं दोन दिवस कांद्याचा कोड चाळतील. एंटिटीवरचं (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासवरचं) टेबलचं नावही तसंच ठेवलंत तर द्राक्षांची बिलं थेट कांद्याच्या टेबलात. कुठलाही एरर नाही.

एवढं सांगूनही कोणी एफ२ दाबलंच, तरी निराश होऊ नका. रिफ्लेक्शनसाठी (चालत्या प्रोग्रॅममध्ये नावावरून क्लास शोधण्यासाठी) स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं क्लासचं नाव, प्रॉपर्टीज (सेटिंगची) फाइल, डेटाबेसच्या रकान्यात साठवलेलं नाव, रांगेत पडून राहिलेले जुने जॉब, यांच्यापर्यंत ते बटण सहसा पोचत नाही. इंटेलिजेमध्ये कॉमेंट आणि स्ट्रिंगमध्येही शोधायची टिक असते, ती काढून टाका. ‘क्लीन’ (जुन्या बिल्डची सफाई) न करता बिल्ड करा. टार्गेट फोल्डरमध्ये जुनी, कंपाइल झालेली क्लास फाइल राहून गेली तर तुमच्याकडे महिनाभर चालतही राहील.

शेवटी कमिट, म्हणजे बदल गिटमध्ये जमा करणं. नाव बदलणं आणि आतला निम्म्याहून जास्त कोड नव्याने लिहिणं, हे एकाच कमिटमध्ये उरका, शुक्रवारी संध्याकाळी सहाला. गिट नावबदलाची नोंद ठेवत नाही, दोन फाइलींतलं साम्य बघून अंदाज करतं आणि डिफॉल्ट मर्यादा ५० टक्क्यांची. त्याखाली गेलात की जुनी फाइल पुसली, नवी जन्मली, ‘फॉलो’ हा पर्याय लावूनही मागचा इतिहास दिसत नाही. कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या ‘ब्लेम’मध्ये प्रत्येक ओळीपुढे तुमचंच नाव. आडतीचा हिशेब चुकून निघाला की फोन तुम्हालाच येईल, आणि त्या वेळी तुम्ही द्वारका चौकात अडकलेले असाल.