पैसे घ्यायला पिनकोड चालतो, दुरुस्तीला चालत नाही

काल दुपारी कुरिअरवाल्याने खोकं पडवीत ठेवलं, सही घेतली आणि गेला. तीन महिन्यांनी माझा व्हॅक्यूम क्लीनर घरी आला. वर चिकटपट्टीने डकवलेला एक कागद, त्यावर इंग्रजीतल्या दोन ओळी: यंत्रात द्रव शिरल्याचे आढळले, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. खाली ना सही, ना कोणाचं नाव. नवी बॅटरी हवी असेल तर साडेनऊ हजार, वर कर, वर येण्याजाण्याचा खर्च.

पाणी शिरलं! बॅटरी चालेना म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात मी हे यंत्र कंपनीकडे दुरुस्तीला पाठवलं. तेव्हा आमची विहीर तळाला गेली होती. अंघोळीला एक बादली आणि भांड्यांना अर्धी असं मोजून पाणी वापरत होतो. त्या दिवसांत, माजघरात खुंटीला टांगलेल्या यंत्रात पाणी शिरायला ते आलं कुठून?

बरं, उघडून तरी बघितलं का? मी काल रात्री धुळीचा डबा उजेडात धरला. तो डबा पाठवताना रिकामा करायचा राहिला होता, आणि तो तसाच्या तसा परत आलाय. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीची लाल पूड, सासूबाईंच्या पांढऱ्या केसांचा गुंता, आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याची दोन कुसळं. डबा डावीकडे कलला की पूड डावीकडे, उजवीकडे कलला की उजवीकडे, रांगोळीसारखी मोकळी. जांभ्याच्या या मातीला पाणी लागलं की काय होतं ते इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. ती धरून बसते, कपड्याला लागली तर सात धुण्यांत जात नाही. या यंत्रात पाणी गेलं असतं तर डब्यात चिखलाचा गोळा असता. तीन महिने यंत्र स्वतःकडे ठेवून त्यांनी तो एवढासा डबा उघडला नाही.

त्यांनी काय बघितलं असेल ते मला कळतं. बॅटरी जिथे बसते तिथल्या पट्ट्यांवर हिरवट कळंक चढलाय. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या वाऱ्यात मीठ असतं आणि ते मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. देवघरातलं ताम्हन चिंच लावून घासलं तरी आठवड्यात काळवंडतं. खिडक्यांच्या बिजागऱ्या, नळाच्या चकत्या, फोनचं चार्जिंगचं भोक, या हवेने काय सोडलंय? गुहागर काय, दापोली काय, देवगड काय, सगळीकडे हेच. त्याला द्रव शिरला म्हणत नाहीत, त्याला हवा म्हणतात. ही हवा सोसणार नसेल तर किनाऱ्यावर यंत्र विकू नका. विकताना एका शब्दाने सांगितलं होतं का की खाऱ्या हवेत वॉरंटी चालणार नाही?

आणि त्या फोनवरच्या बायका आणि बाप्ये! तीन महिन्यांत मी सतरा फोन केले, वहीत तारखा लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येक वेळी एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग पहिल्यापासून सगळी कहाणी. तिसऱ्या फोनला सांगण्यात आलं, मॅम, आपका पिनकोड सर्व्हिसेबल नहीं है. अहो, गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला हेच यंत्र विकताना हाच पिनकोड घातला होता ना? तेव्हा हिरवी खूण आली होती आणि चार दिवसांत माल दारात हजर! एकेचाळीस हजार रुपये घेताना आमचं गाव नकाशावर होतं. दुरुस्तीला माणूस पाठवायची वेळ आली की ते बुडालं काय समुद्रात? शेवटी मीच खोकं बांधलं, एसटीने चिपळूणला नेलं आणि तिथून कुरिअर केलं. साडेआठशे रुपये माझे गेले. परत आलेल्या खोक्यात गाद्यांना लावायचा छोटा ब्रशही नाही. विचारलं तर म्हणे, तो आमच्याकडे नोंदलेला नाही.

एकेचाळीस हजार आम्ही हौसेने घातले नव्हते. सासूबाईंना दमा आहे. केरसुणी फिरली की धूळ आधी वर उठते, मग तासभर तरंगते, आणि त्या ओटीवर बसून धापा टाकतात. आधी शेजारच्या काकूंचं साडेचार हजाराचं यंत्र आणून बघितलं होतं. आमच्या माजघरात एक काचेचं कौल आहे, सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून उन्हाची तिरीप थेट जमिनीवर येते. काकूंचं यंत्र चालू केलं आणि त्या तिरिपेत डोळ्यांनी दिसलं: पुढून धूळ ओढतंय आणि मागच्या सांध्यांतून बारीक पूड बाहेर फेकतंय. सासूबाई पाच मिनिटांत खोकायला लागल्या. महागाचं आणलं, त्याच तिरिपेत चालवलं, तर उजेड स्वच्छ राहिला. खोटं कशाला बोलू, तेरा महिने त्या यंत्राने काम चोख केलं. रात्रीचा खोकला कमी झाला, दम्याचा पंप कमी लागायला लागला. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, आणि यंत्राचे सांधे घट्ट असतील तरच त्या फिल्टरचा उपयोग. महागाच्या यंत्रात पैसे जातात ते या घट्ट सांध्यांसाठी, आणि त्याबद्दल मला एक रुपयाही जास्त वाटला नव्हता. म्हणूनच तर जीव जळतोय. यंत्र चांगलं आहे आणि एका बॅटरीपायी ते खुंटीला लटकवून ठेवायचं.

वर जाहिरातीतली फसवणूक. साठ मिनिटं चालतं! हो, सगळ्यात हळू लावलं तर. त्या वेगाने आमच्या चिऱ्याची पूड जागची हलत नाही. जोरावर लावलं की आठ-नऊ मिनिटांत बॅटरी संपते, म्हणजे ओटी झाली आणि माजघर राहिलं. मग चार तास चार्जिंग, त्यात वीज असेल तर. फिल्टर धुवा आणि चोवीस तास वाळवा. कुठे वाळवा? गेल्या श्रावणात तो फिल्टर चार दिवस न्हाणीतल्या चुलीशेजारी ठेवला होता, तरी आतून ओलाच. पाचव्या दिवशी त्याला कुबट वास यायला लागला. दमेकरी माणसासाठी आणलेल्या यंत्राच्या फिल्टरला बुरशी! शेवटी जादा फिल्टर विकत घेतला, अडीच हजारांचा. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी कोकणातला एक पावसाळा काढलेला नाही.

आणि ते आकडे. इथे खोक्यावर अजून मोठ्या अक्षरात दोन हजार वॅट छापतात आणि दुकानदार त्यावर बोट ठेवून सांगतो, बघा ताई, किती जोर आहे. वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते ते, धूळ किती ओढते ते नव्हे! युरोपात २०१४ साली घरगुती यंत्रांना १६०० वॅटची मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती ९०० वर आणली, आणि तिथली घरं काही धुळीने भरली नाहीत. आता नवीन खूळ किलोपास्कलचं. नळीचं तोंड बंद करून मोजलेला ओढण्याच्या जोराचा आकडा, म्हणजे हवा वाहतच नसताना. मला तोंड बंद करून केर काढायचा नाहीये. हवा किती वाहते, फिल्टर अर्धा भरल्यावर किती वाहते, ते सांगा ना. ते सहसा कोणी छापत नाही.

ती व्हिडिओवाली मुलं तर डोक्यात जातात. गुळगुळीत फरशीवर मुठभर पोहे सांडायचे, यंत्र फिरवायचं आणि म्हणायचं, वाऽ! पोहे काय केरसुणीनेही निघतात. चिऱ्याची पूड टाकून दाखवा. वाशांतून पडणारा भुंग्याचा भुसा, पालीच्या लेंड्या, कौलांतून झिरपणारी काजळी, हे काढून दाखवा. आणि यंत्र मिळाल्यावर आठ दिवसांनी नव्हे, दोन पावसाळे काढून मग बोला. बॅटरी तिसऱ्या वर्षी किती चालते, ती कितीला मिळते, कोण बसवून देतो? यातला एकही प्रश्न त्यांना पडत नाही. पुण्याची नणंद म्हणते, वहिनी, तुम्ही रोबोट घ्या. आमच्या प्रत्येक खोलीला वीतभर उंबरठा आहे. साधा रोबोट दोनेक सेंटीमीटरच्या पट्टीवर अडतो. उंबरठे फोडू का त्याच्यासाठी?

मला राहून राहून आठवतं ते चिपळूणचं, माहेरचं यंत्र. युरेका फोर्ब्सची माणसं १९८२ पासून दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकायची. असाच एक मुलगा १९९४ साली आमच्या दारात आला होता आणि बाबांनी हप्त्याने घेतलं होतं. डबा, नळी, आत कापडी पिशवी, बस. दर दोन-तीन वर्षांनी मोटरीतले कार्बन ब्रश झिजायचे, बाबा बाजारातून जोडी आणायचे आणि मोटर बांधणारे काका ती बसवून द्यायचे. मग २२ जुलै २०२१ उजाडला. चिपळूणला पूर आला आणि ते यंत्र दीड दिवस गाळाच्या पाण्यात होतं. खरं पाणी! वाशिष्ठीचं, चिखलाचं, डोक्यावरून गेलेलं. आम्ही ते टाकायलाच काढलं होतं. त्याच काकांच्या दुकानातही छातीभर पाणी गेलेलं, तरी त्यांनी ते ठेवून घेतलं. मोटर सोडवली, धुतली, वाळवली, दोन बेअरिंगं आणि ब्रश बदलले. साडेसातशे रुपये घेतले. ते यंत्र आजही चालतंय.

पुरात बुडालेलं यंत्र एका माणसाने पान्याने उघडून चालू करून दिलं, आणि ज्यात थेंब गेला नाही ते यांनी न उघडता मेलं म्हणून सांगितलं. मी माझं यंत्र त्याच काकांच्या मुलाकडे नेऊन दाखवलं होतं, पाठवायच्या आधी. त्याने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, ताई, याला बिनब्रशची मोटर आहे, वर सगळं कार्डावर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालतं. बॅटरीतले सेल मी बदलू शकतो, पण कंपनीचं कार्ड ते ओळखेल की नाही सांगता येत नाही, आणि उघडलं की तुमची वॉरंटी गेली. म्हणून उघडू दिलं नाही. वॉरंटी जपली! तिथेच सेल बदलून घेतले असते तर तीन महिने सासूबाईंना धुळीत काढावे लागले नसते.

गणपतीला बारा दिवस राहिलेत. माळा झाडायचाय, जळमटं काढायचीत, मखराची जागा करायचीय, मुंबईहून दोन दीर कुटुंबासकट येणार. काल अर्धा माळा झाडला तेव्हा सासूबाईंना शेजारी काकूंकडे नेऊन बसवलं, तरी रात्री दोन वाजता उठून बसल्या. पाठ चोळत बसले होते आणि समोर खुंटीला ते एकेचाळीस हजारांचं यंत्र. यापुढे कोणी मला विचारलं की महागाचा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का, तर मी आधी एवढंच विचारणार आहे की तुमच्यापासून एसटीने तासाभराच्या आत तो उघडणारा कोण आहे? कोणी नसेल तर नका घेऊ. साडेसहा हजारांचा, ओला-सुका केर ओढणारा डब्यासारखा क्लीनर शृंगारतळीच्या बाजारात मिळतो, त्याचे सुटे भाग मिळतात. दमेकरी घरात असेल तर यंत्र पडवीत ठेवा, लांब नळी आत घ्या, म्हणजे मागून उडणारी पूड बाहेर जाईल. मी उद्यापासून तेच करणार आहे.

आणि हे प्रकरण मी सोडणार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आज सकाळी तक्रार नोंदवली. तिथून काही झालं नाही तर रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही, आणि पाच लाखांच्या आतल्या मालाला फीही नाही. बिल आहे, सतरा फोनांची वही आहे, तो बिनसहीचा कागद आहे. धुळीचा डबा मी अजून ओतलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड सुतळीने बांधून कपाटात ठेवलाय. पावसाची हवा लागू द्यायची नाही. ती माती कोरडी आहे तोवरच माझी साक्ष आहे.