फोन काढून घ्यायच्या आधी

दिवाळी झाली की आमच्या धारूर-वडवणी भागातली गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी ऊस तोडायला टोळीबरोबर साखर कारखान्याला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. शाळेतली लेकरं आजीजवळ राहतात. आणि आजीजवळ एक फोन राहतो.

मी इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या हंगामात आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायला लागली. (नाव, गाव लिहीत नाही.) डबा उघडायची, तसाच झाकायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजी चुलीपाशी होती. पोरीनं काच फुटलेला फोन काढला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

एका ‘मैत्रिणी’नं महिनाभर गोड बोलून फोटो मागितले होते. साधेच, जत्रेतल्या ड्रेसमधले. मग तोच चेहरा भलत्याच उघड्या शरीराला चिकटवून परत आला. खाली मेसेज: व्हिडिओ कॉल कर, नाहीतर गावच्या ग्रुपवर टाकतो. महिनाभर ‘मी जेवले, मी झोपते’ लिहिणारी मैत्रीण त्या ओळीत पहिल्यांदा ‘टाकतो’ म्हणाली होती.

मी विचारलं, अगं, सांगितलं का नाहीस कुणाला?

“मॅडम, आज्जीला कळलं तर फोन मामाकडं जाईल. मग आईला बोलायचं कसं?”

रोज रात्री आई फडातून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, आली की पाच मिनिटं फोन येतो. ती पाच मिनिटं जाऊ नयेत म्हणून हे लेकरू एकटंच सगळं सोसत होतं.

तेव्हापासून ‘पोरांच्या हातातून मोबाइल काढून घ्या’ हे वाक्य मला ऐकवत नाही. फोन जाईल याच भीतीनं पोरं गप्प बसतात, आणि ती गप्प बसणार हे धमकावणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. चांगलंच आहे. पण संमती देणारा बाप उसाच्या फडात आणि आजीला अक्षर येत नाही, अशा घरात ती संमती पोरगंच देणार, जन्मसाल मागं सरकवून. म्हणून कायद्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. जवळचं मोठं माणूस कोण, हे आधी ठरवावं लागतं. चुलती असेल, अंगणवाडीताई असेल, नाहीतर आम्ही शिक्षक.

त्या रात्री आम्ही चॅट पुसलं नाही, खात्याचं नाव लिहून घेतलं, उत्तर द्यायचं थांबवलं आणि १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: असा फोटो ‘पुरावा’ म्हणून कुणालाही फॉरवर्ड करू नका, अगदी घरच्यांनाही नाही. तो पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे.

घरच्यांना सगळ्यात मोठी भीती असते, पोरीचं नाव निघंल, ठाण्याची पायरी चढावी लागंल. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा याच भीतीचा विचार करून लिहिलाय. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. आणि असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हा स्वतःच गुन्हा आहे, त्यामुळं ‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

यंदा आम्ही टोळ्या निघायच्या आधीच पालकांची बैठक घेतली. एकेका आईबापाला लेकरासमोर उभं करून म्हणायला लावलं: काही झालं तरी आधी सांग, तुझा फोन घेणार नाही. एक बाप म्हणताना रडला. शाळेच्या भिंतीवर, पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी, ऑइल पेंटनं १०९८ लिहिलाय.

बीड, परभणी, जालना, जिथून जिथून टोळ्या जातात तिथल्या शिक्षकांनो, ही बैठक पुढच्या दसऱ्याच्या आत घ्या. एकदा ट्रक भरला की आईबाप थेट पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, भेटतात.